दगडाला ॲसिड दाखवण्याआधीची तयारी

दगडावरचा लेप किंवा डाग घरातल्या ॲसिडने काढायचा तर लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत सगळ्यात वर व्हिनेगर नाही, भिंग आहे. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजींकडे असतं तसलं. ते डोळ्याला लावून दगड उजेडात फिरवा आणि एवढंच ठरवा की नको असलेला थर कोणता आणि जपायचा स्फटिक कोणता. हे ठरत नसेल तर पुढचं काहीही जमवायची गरज नाही.

आपल्याकडे याला फार महत्त्व आहे, कारण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये जे सापडतं, त्यातलं बहुतेक ॲसिडला तोंड देणारं नाही. वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट, जळगावकडचं ॲपोफिलाइट, नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) इथल्या खाणींतलं स्कोलेसाइट, मेसोलाइट, स्टिल्बाइट ही सगळी पाणी पोटात बाळगणारी सिलिकेटं, म्हणजे सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) असलेली खनिजं. स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट, मेसोलाइट ही सुईसारखी मंडळी तर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये चक्क जेलीसारखी होऊन बसतात. ॲपोफिलाइटही त्यात फुटून सिलिका मागे ठेवतं. व्हिनेगर सौम्य आहे हे खरं, पण रात्रभर बुडवून ठेवलं तर आरशासारखी चकाकणारी बाजू मंद पडण्याचा धोका राहतोच. हॉयलँडाइट आणि मॉर्डेनाइटमध्ये सिलिका जास्त, म्हणून ती जरा चिवट. तरी प्रयोग करायचाच तर तुटक्या तुकड्यावर करा.

मग ॲसिड कशासाठी? गारगोटी, अकीक, जांभळा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झच्या घराण्यातल्या दगडांसाठी. त्यांच्यावर कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचा, पांढरा लेप किंवा लोखंडाचा तांबूस डाग बसलेला असेल, तर घरातलं ॲसिड उपयोगी. शंख, प्रवाळ, संगमरवर, कॅल्साइटचे स्वतःचे सुंदर स्फटिक यांना नाही; ते सगळे विरघळणाऱ्यांत मोडतात. हिरवं मॅलकाइट आणि निळं ॲझुराइटही त्याच माळेतले. कोकणातल्या जांभ्याला तर मुळीच नाही, त्याचा रंगच लोखंडाचा आहे.

लेप कॅल्साइटचाच आहे ना, याची खात्री करण्यासाठी एक ड्रॉपर, थोडं व्हिनेगर आणि जुना चाकू लागतो. मागच्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही अशा कोपऱ्यात चाकूने थोडं खरवडा. कॅल्साइट सहज खरवडतं, क्वार्ट्झवर चाकूचा ओरखडाही उठत नाही, उलट चाकूचं पोलादच राखाडी रेघ सोडून जातं. मग त्या भुकटीवर एक थेंब टाका आणि भिंगातून बघत राहा. थंड व्हिनेगरमध्ये सोडा टाकल्यासारखा फेस येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे भुकटीच्या कडेने एकेक करून सुटतात, नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाहीत. बुडबुडे आले तर कॅल्साइट. थेंब नुसता शांतपणे जिरला आणि काहीच घडलं नाही, तर बाटलीचं बूच लावा आणि टूथब्रश घ्या.

खरं तर टूथब्रश, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब एवढ्यावर निम्मं काम भागतं. खाणीतून आलेल्या दगडावर माती आणि मुरूमच जास्त असतो, तो एका दिवसाच्या भिजण्याने सुटतो. अपवाद ओकेनाइटचा. त्या पांढऱ्या कापसाच्या गोळ्यांना पाणीसुद्धा लावायचं नाही, तंतू एकमेकांना चिकटतात आणि परत फुलत नाहीत. कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा तेवढा चालतो. वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावर विकत घेतलेला भडक गुलाबी किंवा निळा गोळा असेल तर तो बहुधा रंगवलेला. पाण्यात रंग सुटेल. त्याच ठिकाणच्या नमुन्यांवर कधी कधी स्फटिक गोंदाने बसवलेला असतो, तोही भिजल्यावर हातात येतो. भिंग लावून सांधा शोधा.

आता दुकानात जायची वेळ. वाण्याकडून पांढरं व्हिनेगर आणा. बाटलीवर साधारण 4 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड लिहिलेलं असतं, ते तसंच वापरायचं. सायट्रिक ॲसिडची पुडी ढोकळा करणाऱ्या घरात असतेच, नसेल तर 100 ग्रॅम पुरे. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम टाकलं की कामाचं द्रावण होतं. कॅल्साइटचा लेप काढायला व्हिनेगर बरं, कारण त्यातून तयार होणारं कॅल्शियम ॲसिटेट पाण्यात विरघळून जातं. सायट्रिक ॲसिड कॅल्साइटवर लावलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरट थर उलटा बसू शकतो, तो फारसा विरघळत नाही. गंजाच्या डागासाठी मात्र सायट्रिकच घ्या, ते लोखंडाला धरून ठेवून सोबत घेऊन जातं. लिंबू पिळून, चिंच कोळून किंवा आमसुलाच्या पाण्यात दगड भिजवणारेही भेटतात. पितळेला ठीक आहे. दगडाच्या भेगांत त्यातली साखर आणि गर अडकतो, आठवड्यात बुरशी धरते.

सोबत खायचा सोडा एक मोठं पाकीट, आम्लता तपासायच्या पीएच पट्ट्या आणि डिस्टिल्ड वॉटर. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकतात, तिथूनच घ्या. बोअरच्या पाण्याने शेवटचं धुणं केलं तर क्षारांचा नवा लेप बसेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर. फक्त त्याच दुकानात शेजारी ठेवलेलं बॅटरीचं ॲसिड आणू नका. ते सल्फ्युरिक असतं, भाजतं तर भयंकर, आणि कॅल्साइटवर जिप्समचं कवच चढवून काम अडवून ठेवतं.

टाइल्सचं ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर या यादीत नाहीत. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये 10 टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, शिवाय रंग आणि घट्टपणा आणणारं रसायन, ते भेगांतून निघता निघत नाही. मोकळ्या ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली बंधनं घातली. खरेदीदाराचं नाव-पत्ता नोंदवणं, ओळखपत्र बघणं, 18 वर्षांखालच्याला न देणं हे दुकानदारावर बंधनकारक आहे. कुणी न विचारता देत असेल तरी घेऊ नका. ऑक्झॅलिक ॲसिड क्वार्ट्झवरचा गंज उत्तम काढतं, पण ते विषारी, मूत्रपिंडावर जाणारं, आणि कॅल्साइट किंवा क्षारांचं जड पाणी भेटलं की न विरघळणारा पांढरा साका तयार करतं. स्वयंपाकघर असलेल्या घरात त्याला जागा नसावी असं माझं मत. कपड्यांवरचे गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं आणि वेदना उशिरा सुरू होतात. लेबल न वाचता असली बाटली उघडूही नका.

भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण दगड भिजवताना हाताशी येईल तो ॲल्युमिनियमचा टोप घेतला जातो. झाकण सैल ठेवा, कारण कॅल्साइटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड घट्ट डब्यात दाबला जातो. डबा कुठे ठेवायचा हेही आधी ठरवा. कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, संगमरवर हे सगळे मुळात चुन्याचेच दगड, आणि मोझॅकच्या टाइल्समध्येही संगमरवराचीच खडी. सांडलेल्या व्हिनेगरचा गोल डाग पडतो, पॉलिश जातं आणि तो घासून निघत नाही. ग्रॅनाइटचा ओटा चालेल, त्याहून बरा गॅलरीत ठेवलेला जाड प्लास्टिकचा ट्रे.

अंगावर जुने सुती कपडे, पायात चप्पल नको, बंद बूट, हातात रबरी मोजे, आणि डोळ्यांना बाजूनेही झाकणारा गॉगल. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी काढून ठेवा. बादलीभर स्वच्छ पाणी आणि तांब्या शेजारी. नळ असला तरी. डोळ्यात थेंब उडाला तर पापणी उघडी धरून 15 ते 20 मिनिटं पाणी मारत राहायचं आणि मग डॉक्टरकडे. सोडा डोळ्यात किंवा भाजलेल्या कातडीवर लावायचा नाही, तो दगडासाठी आहे. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. चूळ भरायला लावा आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. बाथरूममध्ये काम करत असाल तर आधी ब्लीचची बाटली बाहेर काढा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणसाला आडवा करतो.

दगडाचीही तयारी असते. फोटो काढा, डब्यात चिठ्ठी टाका, खाणीचं आणि गावाचं नाव लिहा. दगडावरच शाईने लिहिलेला नंबर ॲसिडमध्ये पुसला जातो, आणि कुठला ते माहीत नसलेल्या नमुन्याची किंमत निम्मीही उरत नाही. (किल्ल्यावरचा किंवा वनखात्याच्या हद्दीतला असेल तर तो तुमच्याकडे असायलाच नको होता. खाणीतही मालकाला विचारूनच जायचं.) मग दगड काही तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा. त्याची छिद्रं पाण्याने भरली की ॲसिड आत खोल जात नाही, वरच्या वरच काम करतं. हे टाळलं की काळ्या दगडाच्या पोटात आंबट पाणी राहतं आणि पंधरवड्याने कडेकडेने पांढरी भुकटी फुलून येते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा. पहिल्या वेळी रात्रभराचा बेत नको. तासाभराने काढायचं, धुवायचं, भिंगातून बघायचं, परत बुडवायचं. बुडबुडे थांबले आणि लेप शिल्लक असेल तर व्हिनेगर थकलेलं आहे, नवं घ्या. जाड लेपाला कित्येक दिवस लागतात आणि घाई करायला म्हणून गरम केलं तर वाफ नाकात जाते, शिवाय गरमातून गारात गेलेला स्फटिक तडकतो. लेप थोडा राहिला तरी चालतो. दाताच्या डॉक्टरकडची जुनी टोकेरी हत्यारं मिळाली तर उरलेलं त्यांनी निघतं.

बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर सोडा घालून त्यात बुडवा. फेस थांबला की साधं पाणी, रोज बदलायचं, आणि दगड ॲसिडमध्ये जेवढा वेळ होता निदान तेवढा वेळ तरी त्यात ठेवायचा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. पीएच पट्टी त्या पाण्यात बुडवून बघा, न वापरलेल्या डिस्टिल्ड वॉटरमधल्या पट्टीचाच रंग आला की दगड सावलीत वाळवा. कडक उन्हात नाही. क्वार्ट्झच्या शेजारी झिओलाइट, म्हणजे वर सांगितलेल्या पाणी पोटात बाळगणाऱ्या सिलिकेटांपैकी काही, बसलेलं असेल तर उष्णतेने त्यातलं पाणी निघून जाऊ शकतं आणि ते पांढुरकं पडून भुगा होऊ शकतं.

वापरलेल्या व्हिनेगरमध्येही सोडा घालून फसफस थांबेपर्यंत ढवळा, मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओता. उरलेलं मूळ बाटलीतच ठेवा, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नाही. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘दगडांसाठी’ लिहून ती स्वयंपाकघराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर. मोजे हातात असतानाच साबणाने धुवा आणि मग उतरवा.