पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन परत जोडताना

आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्या, हातोड्याने ठोकू नका. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून प्रेसवर दाबून घ्या. ऑइल-ग्रीसने रबर फुगतं, बुश सरकायला साबणाचं पाणी पुरतं.

आधी खालचा आर्म, मग कॉइल स्प्रिंग. ती स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) चढवू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेततं. तिचं टोक बशीतल्या खाचेत बसलंय ना, बघा. शिम (पातळ चकत्या) जिथून जेवढ्या निघाल्या तिथे तेवढ्याच परत घाला, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बिघडतो. किंगपिनला (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिला) जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.

सगळ्यात जास्त चुकतं ते बोल्ट आवळताना. चाकं लटकत असताना पिव्होट बोल्ट (आर्म ज्यांवर वर-खाली फिरतो ते) पूर्ण आवळले, की गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून नट आधी हलकेच लावा. चाकं चढवून गाडी जमिनीवर घ्या, पुढून चार-पाच वेळा दाबून हलवा आणि मगच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा.

स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून लावायच्या दुमडत्या पिना) नव्याच घाला. शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), त्याआधी लांब पल्ल्याला गाडी काढू नका, टायर एका कडेने झिजतील.