धूळ ओढायचा फ्लेक्सिबल होज (वाकणारी नळी) घेताना या चुका टाळा

"सक्शन येत नाही, साडेसात एचपीची मोटर टाकायची म्हणतोय." शिरोलीतल्या एका फाउंड्रीवाल्यानं फोनवर सांगितलं. म्हटलं, थांबा, आधी बघू दे.

जाऊन बघतो तर फेटलिंगच्या (ओतीव माल घासून साफ करायच्या) टेबलापासून मुख्य डक्ट जेमतेम चार मीटरवर आणि होज दहा मीटर! दुकानदार कापून देईना म्हणून अख्खा रोल आणलेला. उरलेला भाग "असू दे, पुढं लागेल" म्हणत वेटोळं करून टेबलाखाली सारलेला. लोंबत्या जागी उचलून बघितलं तर सिमेंटचं पोतं उचलल्यासारखं वजन. आत वाळू बसलेली. ब्लोअर बिचारा काय करणार? फ्लेक्सिबल होज आतून वळीदार असतो. साध्या पत्र्याच्या डक्टपेक्षा तो हवेला कितीतरी जास्त अडवतो, आणि न ताणता दाबून ठेवला तर आणखीच. होज साडेचार मीटरवर कापला, ताणून पट्ट्यांनी टांगला. त्याच ब्लोअरवर धूळ ओढायला लागली. मोटरचा ॲडव्हान्स मात्र तोवर देऊन झाला होता.

मी आधी दोरी लावून वाट मोजतो, मगच होज. तोही पूर्ण ताणून. जिथं सरळ जाता येतं तिथं पत्र्याचाच पाईप. होज फक्त हलणाऱ्या टोकाला.

दुसरी चूक स्वस्ताईची. वाळू किंवा शॉटब्लास्टची (लोखंडी छर्रे मारून माल साफ करताना उडणारी) धूळ ओढायला पातळ पीव्हीसी होज. बेंडला बाहेरच्या अंगानं तो आतून घासत जातो आणि एक दिवस भोक. मग टेप, मग टेपवर टेप. अशा धुळीला पॉलियुरेथेन घ्या, भाव जास्त आहे पण घासणं सोसतो. मी दर शनिवारी बेंडवरून हात फिरवतो. मऊ लागलं की होज थोडा फिरवून बसवतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांपुढं मात्र दोन्ही प्लॅस्टिकच. तिथं पहिला दीड-दोन मीटर लोखंडी पाईपच लावा. गरम हवेसाठीही पीव्हीसी नको, साठ-सत्तर अंशांतच ढिला पडतो. भट्टीजवळ सिलिकॉन लावलेला ग्लासफायबरचा घ्या.

सहा इंची तोंडाला रिड्यूसर लावून चार इंची होज जोडू नका, वाट निम्म्याहून कमी होते. उलट आठ इंची लावला तर वेग पडतो आणि वाळू खाली बसते.

तारेचं स्प्रिंग नसलेला होज फुंकायला चालतो, ओढायला लावला की चपटा होतो.

लाकडाचा भुसा असेल तर होजमधली तार दोन्ही टोकांना उघडी करून अर्थिंगला जोडा, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणगीनं भुसा पेटू शकतो. "आमच्याकडं कधी काही झालं नाही" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

आणि क्लिप. तारेच्या वळीवर साधी जुबली क्लिप (स्क्रूनं आवळायचा गोल पट्टा) आवळूनही हवा गळतेच. वळीवरून उडी मारणारी ब्रिज क्लिप मिळते, ती घ्या. नव्या पोरांना सांगितलं की म्हणतात, सुतळीनं आवळलंय ना! आवळलंय खरं, पण कान लावून ऐका, शिट्टी येते.