पंचविशीतलं कोलेस्ट्रॉल आणि साठीतला मेंदू: या चुका टाळा

'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं विसरणं सोडून देतो. पण प्रत्येक विसरणं वयाचं नसतं, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात तिशी-चाळिशीत झालेली असते. 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजाराचे, 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले. मध्यमवयात वाढलेलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्ट्रॉल, त्यात नव्याने आलं. जगभरातल्या सुमारे 7 टक्के डिमेन्शियाशी त्याचा संबंध असावा, असा अंदाज आहे. अमेरिकेत 1948 पासून चालू असलेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातही 35 ते 50 या वयात एचडीएल ('चांगलं' कोलेस्ट्रॉल) कमी आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) जास्त असणाऱ्यांना पुढे अल्झायमरचा, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा, धोका जास्त दिसला. कोलेस्ट्रॉल एकटंच जबाबदार नाही. बीपी, शुगर, तंबाखू हेही आहेतच. पण साध्या रक्ततपासणीत कळणारी आणि वेळीच आवरता येणारी ही गोष्ट आपण चाळिशीवर ढकलतो, हे मला पटत नाही.

"मी तर काडी हाय, मला कशाचं कोलेस्ट्रॉल?"

परभणी-हिंगोलीकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. अंगावर मांस नाही म्हणजे रक्तात चरबी नाही, असं नसतं. एलडीएल बरंचसं यकृत आणि आनुवंशिकता ठरवते. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर सडपातळ मुलानेही तपासणी करावी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) 18 व्या वर्षीच करायला सांगितलं आहे. एलडीएल 190 च्या वर निघालं तर आनुवंशिक आजाराची शंका घ्यायची आणि भावंडांचंही रक्त तपासायचं. तिथे नुसत्या पथ्याने भागत नाही.

फक्त 'टोटल' बघणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. समजा, अठ्ठावीस वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट असा आहे: टोटल 190, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 210. टोटल 200 च्या आत, म्हणून घरचे म्हणतात, "नॉर्मल हाय की!" आता टोटलमधून एचडीएल वजा करा. उरतात 158. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि एरवी निरोगी असलेल्या माणसातही ते 130 च्या आत हवं. एचडीएल पुरुषात 40 च्या आणि बाईत 50 च्या खाली नसावं, ट्रायग्लिसराइड 150 च्या आत असावं. म्हणजे या मुलाचे तीन आकडे बिघडलेले आहेत आणि कागद मात्र नॉर्मल ठरला.

आपल्याकडचा बिघाड बहुतेक याच जातीचा असतो. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या सरकारी पाहणीत 72.3 टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं; टोटल वाढलेले फक्त 13.9 टक्के होते. नुसत्या टोटलवर भिस्त ठेवली तर निम्म्याहून जास्त माणसं नजरेतून सुटतात.

उपाशीपोटी जायला जमत नाही म्हणून तपासणी लांबवू नका. पहिल्या तपासणीला त्याची गरज नसते. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं तर उपाशीपोटी पुन्हा करावी. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर मात्र थांबा, आजारपणात आकडे खोटे खाली येतात.

"मेंदूला तूप लागतं"

लातूर-नांदेडला क्लासला राहिलेल्या पोरांना गावाकडून तुपाचा डबा येतो. त्यामागची माया खरी आहे, शास्त्र मात्र चुकतं. शरीरातल्या कोलेस्ट्रॉलचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो हे खरं, पण तो मेंदू स्वतः तयार करतो. रक्तातलं एलडीएल मेंदूच्या संरक्षक पडद्यातून आत जात नाही. त्यामुळे वरून खाल्लेलं तूप स्मरणशक्तीला पोचत नाही, आणि रक्तातलं कोलेस्ट्रॉल कमी केल्याने मेंदू सुकतही नाही. मेंदूपर्यंत जातात त्या रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचली की रक्त कमी पोचतं, बारीक वाहिन्या बंद पडतात, कधी लकवा होतो, कधी विचार हळूहळू मंदावतो. वरण-भातावरच्या चमचाभर तुपाला कुणाची ना नाही. वाटीभर तूप औषध म्हणून पाजू नका.

तूप बंद, खारी चालू

रिपोर्ट बिघडला की पहिली कुऱ्हाड तुपावर पडते. चहासोबतची खारी-टोस्ट, टपरीवरची भजी, दिवसातून पाच वेळा गोड चहा तसेच राहतात. ट्रायग्लिसराइड वाढायला साखर, मैदा आणि दारूच पुरे. पाकिटावरच्या 'कोलेस्ट्रॉल फ्री'ला भुलू नका: कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्ट्रॉल नसतं, पण पाम तेलातली घट्ट चरबी एलडीएल वाढवते.

आपलं करडईचं तेल या बाबतीत चांगलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाण काढलेत आणि आपण मात्र पेरा कमी करत चाललोय, याचं वाईट वाटतं. तरी लाकडी घाण्याचं आहे म्हणून हात सैल सोडू नये. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, मेथी, जवसाची चटणी एवढं रोज ताटात असलं तर वेगळ्या डाएटची गरज फारशी पडत नाही. एचडीएलसाठी चालणं वाढवा आणि बिडी-सिगारेट सोडा.

गोळीच्या चुका

स्टॅटिन (कोलेस्ट्रॉल कमी करणारी गोळी) चालू झालं, आकडा उतरला, म्हणून गोळी बंद करणं ही नेहमीची गोष्ट. काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. दुसरी भीती विसराळूपणाची. काहींना तशी तक्रार जाणवते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये माहितीपत्रकात ती सूचना घातली; गोळी थांबवल्यावर ती तक्रार जाते. स्टॅटिनने डिमेन्शिया वाढतो, असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगून गोळी किंवा डोस बदलून घ्या.

गोळी घेऊनही एलडीएल हलत नसेल तर आधी चुकलेले डोस मोजा, मग थायरॉइड तपासा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढलेलंच राहतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांत रक्त पुन्हा तपासायचं असतं. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने गोळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं.