वाळूचा साचा की मातीचा? घरच्या ओतकामासाठी निवड आणि कृती

धातू वितळवणं वाटतं तितकं अवघड नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. कोळशाची छोटी भट्टी, एक मूस (धातू वितळवायचं भांडं) आणि हवा मारायला ब्लोअर एवढ्यावर भागतं. कस लागतो तो साच्यात. तापलेला रस आत शिरला की साच्यातली हवा, पाण्याची वाफ आणि धूर या सगळ्यांना त्याच क्षणी बाहेर पडायचं असतं. एक घनसेंटिमीटर पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,७०० घनसेंटिमीटर जागा लागते, आणि रसाच्या उष्णतेत त्याहूनही जास्त. तिला वाट मिळाली नाही तर ती रसालाच बाहेर फेकते.

वाळू आणि मातीतला मुख्य फरक इथेच आहे. वाळूच्या कणांमध्ये फटी असतात, म्हणून वाळूचा साचा ओलसर असतानाच त्यात रस ओततात. मातीचे कण इतके बारीक की वाफेला जायला जागाच उरत नाही. म्हणून मातीचा साचा लाल होईपर्यंत भाजल्याशिवाय त्यात रस ओतायचा नाही. बारकावा, वेळ, खर्च हे मुद्दे त्यानंतरचे.

दोन कामं डोळ्यांसमोर ठेवू. एक, घरावर लावायची ॲल्युमिनियमची नावाची पाटी: मागून सपाट, पुढे उठावाची अक्षरं. दुसरं, अंगठ्याएवढा पितळी नंदी: वशिंड, शिंगं, गळ्यातली घुंगरमाळ. पाटी वाळूत करायची, नंदी मातीत. कारण सरळ आहे. वाळूच्या साच्यातून नमुना, म्हणजे साचा जिच्याभोवती बनवतात ती वस्तूची प्रतिकृती, अखंड बाहेर ओढून काढावा लागतो, आणि नंदीची शिंगं तशी निघत नाहीत. मातीच्या साच्यातला नमुना मेणाचा असतो, तो वितळून वाहून जातो.

वाळू कोणती घ्यायची

फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वापरतात ती सिलिका वाळू. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत, आणि कोल्हापूर-इचलकरंजीकडे फौंड्रीचा माल विकणाऱ्या दुकानात ती पोत्याने मिळते. छोट्या कामाला ८० ते १०० मेशची (चाळणीच्या इंचभरात तेवढी भोकं) मागा. त्याहून जाड घेतली तर पाटीचा पृष्ठभाग खरखरीत येतो. फार बारीक घेतली तर वाफ कोंडते.

नदीची वाळू ॲल्युमिनियमला चालून जाते, पण आधी धुऊन गाळ काढायचा, उन्हात वाळवायची आणि चाळायची. समुद्राची नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो जास्त तापला की वायू सोडतो, शिवाय मीठ असतं ते वेगळंच. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी फार असते आणि ती पाणी पिते.

नुसती वाळू आकार धरत नाही, तिला चिकटपणा बेंटोनाइट देतो. ही कच्छ आणि राजस्थानातून येणारी माती. अर्थिंगच्या खड्ड्यात भरतात तीच. इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेणार असाल तर साधा बेंटोनाइट घ्या, क्षार किंवा ग्रॅफाइट मिसळलेली तयार पावडर घेऊ नका. शेतातली काळी माती का नको, असं कोणी तरी विचारतंच. प्रश्न चुकीचा नाही, कारण काळ्या मातीत बेंटोनाइटच्याच कुळातलं खनिज असतं. पण सोबत चुनखडीचे खडे आणि कुजलेला पालापाचोळा असतो आणि दोन्ही तापल्यावर वायू सोडतात. बेंटोनाइट स्वस्त आहे, तोच घ्या.

वाळू कालवणं

१० किलो कोरड्या वाळूला ८०० ग्रॅम ते १ किलो बेंटोनाइट आणि ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी. आधी दोन्ही कोरडंच नीट मिसळायचं. नाकातोंडावर एन-९५ मास्क हवाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. मग फवाऱ्याच्या बाटलीने थोडं थोडं पाणी मारत हाताने चोळायचं, घमेल्यात तुडवलं तर आणखी बरं. पाणी एकदम ओतलंत तर बेंटोनाइटच्या गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. झाकणाच्या बादलीत रात्रभर ठेवा, सकाळी चाळून घ्या.

आता परीक्षा. मूठभर वाळू घट्ट आवळा. रव्याचा लाडू वळावा तशी ती वळली पाहिजे आणि तिच्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत. मग दोन्ही हातांनी मधोमध मोडा: कडा धारदार राहून दोन तुकडे झाले तर वाळू तयार. भुगा पडला तर पाणी किंवा बेंटोनाइट कमी. तळहाताला चिकटली, तळवा ओला झाला तर पाणी जास्त. पसरून अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. नवशिक्याचा हात पाण्याकडेच जास्त जातो, कारण ओल्या वाळूत साचा छान बसतो. ओतल्यावर मात्र तीच ओल धातूत बुडबुड्यांची भोकं होऊन दिसते.

पाटीचा साचा

नमुना लाकडाचा किंवा एमडीएफचा. अक्षरं सरळच लावायची, उलटी नाहीत. साच्यात ती उलटी उमटतात आणि धातूत पुन्हा सरळ होतात. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं, तेवढा नमुना मोठा धरा. सगळ्या कडांना एक-दोन अंशांचा उतार हवा, नाहीतर नमुना निघताना वाळू ओढून आणतो.

देवनागरीत अडचण येते ती गाठींची. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातल्या पोकळीत वाळूचा एक छोटा खुंट उभा राहतो आणि नमुना उचलताना हमखास तोच तुटतो. मग धातूत ‘व’चं पोट भरून येतं. त्यासाठी अक्षर किमान २५ मिलिमीटर उंच घ्या, उठाव ३ मिलिमीटरच्या आत ठेवा, गाठीच्या आतल्या भिंतींना बाहेरच्यापेक्षा जास्त उतार द्या आणि नमुन्याला दोन हात वार्निश मारून गुळगुळीत करा. ‘ब’ची तिरकी रेघ पोकळीचे दोन तुकडे करते, त्यामुळे तो सर्वांत त्रासदायक.

१. दोन लाकडी चौकटी करा, एकमेकींवर नेमक्या बसणाऱ्या, खुंट्या लावलेल्या. फौंड्रीत खालच्या पेटीला ड्रॅग आणि वरच्या पेटीला कोप म्हणतात. खालची पेटी फळीवर पालथी ठेवा आणि नमुना सपाट बाजूने फळीवर, अक्षरं वर.

२. नमुन्यावर टाल्कम पावडर कापडाच्या पुरचुंडीतून झटका. पहिला बोटभर थर बारीक चाळणीतून पाडा आणि अक्षरांच्या खाचांत बोटांनीच दाबा.

३. उरलेली वाळू थराथराने भरा. ठोकताना आधी कडेने, मग मध्ये. ठोकणी नमुन्यावर थेट आपटू नका. वरून पट्टीने सपाट करा.

४. पेटी उलटी करा. आता नमुन्याची पाठ वर दिसेल. पुन्हा पावडर झटका, वरची पेटी बसवा. रस ओतायच्या जागी एक निमुळता दांडा उभा करा, पाटीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा. या दुसऱ्या भोकात रस चढून साठतो आणि आकसणाऱ्या धातूला पुरवठा करतो. त्याला रायझर म्हणतात.

५. वरची पेटीही भरून ठोका. सायकलच्या आऱ्याने ठिकठिकाणी भोकं पाडा, नमुन्यापर्यंत जवळजवळ पोचणारी.

६. दांडे काढा, वरची पेटी सरळ वर उचला. नमुन्यात स्क्रू बसवून त्याला चारी बाजूंनी हलके टिचकवा, मग उचला. इथे घाई केली की साचा गेला.

७. रस आत यायला वाट कोरा आणि रायझरकडेही तशीच. सुटे कण फुंकून काढा, पेट्या मिटा, वर दोन विटा ठेवा. रस वरच्या पेटीला उचलतो. वजन नसेल तर फटीतून बाहेर येतो.

ओतण्याआधी

काँक्रीटवर किंवा शहाबादी फरशीवर ओतकाम करू नये. रस सांडला तर त्यातली ओल वाफ होऊन तुकडे उडतात. जमिनीवर चार बोटं कोरडी वाळू पसरा. सुती कपडे, चामड्याचे बंद बूट, चेहऱ्यावर शील्ड. सांडशी, ढवळणी, भंगाराचा प्रत्येक तुकडा आधी भट्टीशेजारी तापवून कोरडा करा. ओल्या साच्यापेक्षा रसात टाकलेला ओला तुकडा जास्त घातक.

भंगार घेताना जुना पिस्टन, गिअरबॉक्सचं झाकण असे ओतीव भाग निवडा. ते पुन्हा चांगले ओतले जातात. कोल्ड्रिंकच्या डब्यांतून मळीच फार निघते. ॲल्युमिनियम ७०० ते ७४० अंशांवर ओता: एकाच धारेत, न थांबता, वरचं भोक भरलेलं ठेवून. अर्धा तास साचा उघडू नका.

मातीचा साचा

इथे घाई चालत नाही. बस्तरचे ढोकरा कारागीर (मेणाच्या नमुन्यावरून धातूच्या मूर्ती ओतणारे) वारुळाची माती, शेण आणि भाताचं तूस वापरतात. तमिळनाडूतल्या स्वामीमलईचे स्थपती (मूर्तिकार) पहिल्या थराला कावेरीचा गाळ लावतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये तुसाची राख, कापसाचे बारीक तुकडे आणि थोडं मीठ मातीत घालायला सांगितलं आहे. अशा मिश्रणांचा हेतू एकच: तूस, शेणातलं गवत किंवा कापूस भाजताना जळून जातो आणि मागे बारीक भोकं ठेवतो. वाळूत जी वाट आपसूक असते ती मातीत अशी करावी लागते. तंतूंमुळे वाळताना तडेही कमी जातात.

नंदी मधमाशांच्या मेणाचा करा, ताठपणासाठी थोडी राळ मिसळून. पोटाशी मेणाची जाड काडी आणि तिच्या टोकाला गाळण्यासारखं तोंड जोडा. एवढ्या लहान मूर्तीला आतून मातीचा गाभा लागत नाही, ती भरीवच येऊ द्या. मेण तोलून ठेवा. पितळ मेणापेक्षा साधारण नऊपट जड, त्यामुळे किती धातू वितळवायचा ते तिथेच कळतं. वर थोडा जास्त धरा.

पहिला थर कुंभाराची माती आणि शेण वस्त्रगाळ करून, दुधासारखा पातळ. ब्रशने लावा, घुंगरांच्या मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पितळेचा मणी येतो. सावलीत पूर्ण वाळल्यावर दुसरा थर, थोडा घट्ट. असे तीन-चार पातळ थर झाले की माती, वाळू आणि तूस यांचा जाड थर, वरून लोखंडी तार गुंडाळून. एकूण जाडी दीड-दोन सेंटिमीटर. उन्हात ठेवायचा मोह आवरा. वरचा थर आधी आकसला की साचा उकलतो. कोकणात आषाढ-श्रावणात हे काम काढूच नये, साचा वाळतच नाही.

वाळल्यावर तोंड खाली करून मंद आचेवर मेण काढून घ्या. ते पुन्हा वापरता येतं. मग हळूहळू आच वाढवत साचा मंद लाल होईपर्यंत भाजा. इथेच बहुतेकांची फसगत होते. हाताला खडखडीत वाटणाऱ्या मातीच्या कणांतही पाणी बांधलेलं असतं आणि ते निघायला ५०० ते ६०० अंश लागतात. भाजताना अधूनमधून साच्याच्या तोंडावर थंड स्टीलचा चमचा क्षणभर धरा. त्यावर वाफ धरली तर अजून काम बाकी आहे. रस ओतताना साचा गरमच हवा, म्हणजे बारीक शिंगांपर्यंत पितळ पोचतं. साचा वाळूत तोंड वर करून पुरा आणि ओता.

पितळ उघड्यावरच वितळवा. त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. पहिलंच ओतकाम असेल तर पितळ नको, ॲल्युमिनियम आणि वाळूच घ्या.

आणखी काही पर्याय

तेलात बांधलेल्या वाळूत पाणी नसतं, दागिन्यांसारखा बारकावा येतो, पण धूर फार आणि माल महाग. सोडियम सिलिकेट घातलेली वाळू कार्बन डायऑक्साइड सोडला की दगडासारखी होते. पोकळ वस्तूंच्या कोअरला, म्हणजे आतल्या गाभ्याला, ती उत्तम, फक्त नंतर फोडायला हातोडी लागते. पीओपी दिसायला सोपं, पण त्यात पाणी भरपूर आणि फटी नाहीत, तेव्हा तेही मातीसारखंच भट्टीत तासन्‌तास कोरडं करावं लागतं.

वाळू पुन्हा पुन्हा वापरता येते. रसाला लागून काळा पडलेला थर खरवडून टाका, उरलेली चाळा, चिमूटभर बेंटोनाइट आणि पाणी घालून झाकून ठेवा. मातीचा साचा मात्र एकदाच. नंदी काढायला तो फोडावाच लागतो. ती भाजलेली खापरं टाकू नका. कुटून, चाळून पुढच्या साच्याच्या जाड थरात मिसळा. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, त्यामुळे पुढच्या साच्याला तडे कमी जातात.