जुनी होंडा सिटी व्हीटेक रोज चालवताय? मग या चुका टाळा

दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच, दादा बजेट तीन-चार लाख आहे, एखादी जुनी जपानी कूपे सुचवा ना, रोज ऑफिसला न्यायला. अरे बाबा, बाहेरून सेकंडहँड गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आपल्याकडे, मग नव्वदीतली दोन दारांची गाडी स्वस्तात आणि वर कागदांसकट येणार कुठून? तरी जाहिरातीत दिसलीच तर फोटो बघून टोकन टाकू नका. आधी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघा. मालक म्हणाला ‘आरसी गावाला आहे’ तर तिथूनच रिक्षा पकडा.

त्यामुळे आपल्या खिशाची कूपे म्हणजे चार दारांचीच, जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक. व्हीटेक म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडून ताकद वाढवणारी होंडाची यंत्रणा. १०६ बीएचपी आणि वजन टनाच्या आसपास. २००३ ला नवीन सिटी आली ती ७७ बीएचपीची, तेव्हा लोकांना कळलं काय गेलं ते. माझी २००२ ची आहे, २०१६ पासून ठाण्यातल्या कासारवडवलीपासून नवी मुंबईतल्या महाप्यापर्यंत रोज जाते येते, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत म्हणून जास्त चिडून लिहितोय.

‘वॉल काढून टाका, गाडी थंड चालेल’

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधतोय मी. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो बंद असतो, कूलंट साधारण ८० डिग्रीला आलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. गाडी हीट मारायला लागली की अर्धी गॅरेजं हाच काढून फेकतात, आणि सोबत रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ करून देतात, म्हणजे चावी फिरवली की फॅन चालू, गरज असो नसो.

माझी गाडी डोंबिवलीच्या एका काकांकडून घेतली तेव्हा काटा पाव भागाच्या वर जायचाच नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, बघा किती थंड चालते. मायलेज मात्र आठ, काका म्हणाले होते स्पोर्ट्स इंजिन आहे, पिणारच. आणि रात्री ठाणे-बेलापूर रोड मोकळा मिळाला की रबाळेच्या पुढे पाय दाबायचो तर व्हीटेकची ती वरची लाथ यायचीच नाही, नुसता आवाज. दोन महिने मी ऑइल बदल, व्हीटेकच्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या झडपेची) जाळी साफ कर, प्लग बदल असं करत बसलो. शेवटी कळव्याच्या एका मेस्त्रींनी होजपाइप काढून आत बोट घातलं आणि म्हणाले, साहेब, इथे काहीच नाहीये. पाणी पुरेसं गरम झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, व्हीटेक लावतच नाही, उलट इंजिन गारच आहे समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. म्हणजे लाथ पण नाही आणि मायलेज पण नाही.

नवीन थर्मोस्टॅट टाकला, फॅन परत सेन्सरवर घेतला, व्हीटेक लागायला लागला, मायलेज बारा, मी खूश. आणि इथेच माझी अक्कल कमी पडली, कारण आधीच्या माणसाने वॉल काढला होता तो का काढला होता हे मी विचारलंच नाही. वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी ओतून रेडिएटर आतून चुन्याने बुजलेला होता. एप्रिलच्या एका दुपारी गायमुखला ट्रेलरच्या रांगेत अडकलो, काटा निम्म्यावरून वर सरकला आणि एसी बंद करेपर्यंत लाल पट्टीत. घाबरून गाडी कडेला घेतली, फडकं धरून रेडिएटरची कॅप फिरवली, ती हातातून उडाली. डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. त्यात टपरीवाला भला माणूस, दोन बाटल्या थंडगार पाणी घेऊन धावत आला आणि मी ते तसंच ओतलं. इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकलं, त्याखालची गॅस्केट गेली, हेड उतरवून फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, एकूण अठ्ठावीस हजार.

आता माझी सवय सांगतो. जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात रेडिएटर काढून साफ नाहीतर नवीन, मग थर्मोस्टॅट, मग होज आणि क्लिपा, कॅप पण नवीन, आणि आत तयार मिळणारं कूलंट, नळाचं नाही आणि बोअरचं तर नाहीच. रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल गरमवर. हो, एप्रिलमध्ये. अंगातून घामाच्या धारा लागतात पण इंजिनची उष्णता केबिनमध्ये येते आणि बाजूला घ्यायला दोन मिनिटं मिळतात. मग इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि कॅपला हात न लावता निदान पाऊण तास चहा प्यायचा.

न तपासता पार्ट बदलत सुटणं

मे २०१८. महाप्याला ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात, दुपारी चारला निघायचं तर सेल्फ मारतोय पण स्टार्ट होत नाही. मेकॅनिक सातला आला, पहिल्या सेल्फला चालू. आठवड्यात हे तीनदा झालं. एकाने फ्युएल पंप बदलला, दुसऱ्याने प्लग आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप, साडेसात हजार गेले, वॉचमन म्हणाला लिंबू-मिरची बांधा.

त्या काळातल्या होंडांचा हा ठरलेला आजार आहे, डॅशबोर्डखाली मेन रिले (फ्युएल पंपाला करंट देणारा स्विच) असतो, त्याच्या आतलं सोल्डरिंग वर्षांनी तडकतं आणि केबिन भट्टीसारखी तापली की जोड सुटतो, संध्याकाळी गार झालं की परत जुळतो. म्हणून मेकॅनिक येईपर्यंत गाडी शहाणी होते. तपासायला एक रुपया लागत नाही. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, गाणी बंद ठेवा. चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझतो, आणि त्याच दोन सेकंदात मागच्या सीटखालून पंपाचा घुंऽऽ असा बारीक आवाज आला पाहिजे. तापलेल्या गाडीत आवाज गायब आणि गार झाल्यावर हजर, तर आधी रिले उघडा. भिंगातून बघितलं तर पिनेभोवती केसासारखी गोल चीर दिसते. माझा वायरमनने पुन्हा सोल्डर मारून दिला, दोनशे रुपये, त्यात चहा त्याने पाजला. बदललेला पंप चांगला होता, जुना पण चांगलाच होता.

नवीन मुलांना हे सांगितलं की कंटाळतात. त्यांना पार्टचं नाव आणि लिंक हवी असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळेल रे, पण नक्की काय गेलंय ते घरून माहीत करून जा.

टायमिंग बेल्ट

हा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरायचं. ‘मागच्या वर्षीच केला’ हे बिल नाही. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग हेडचा खर्च बघून रडू येतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तेव्हा उघडलंच आहे तर पंप, टेन्शनर, ऑइल सील सगळं एकदम.

बाकीच्या, थोडक्यात

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणं. घोडबंदर रोड बघितलाय का? आधी शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश नवीन टाका, अर्ध्या लोकांना जे ‘स्पोर्टी हँडलिंग’ हवं असतं ते तिथेच होतं, झिजलेलं.

कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन (शंकूसारखा फिल्टर) लावणं. बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज तेवढा वाढतो. आणि पाइप खाली बंपरपर्यंत नेलात तर विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचल्यावर इंजिन तेच पाणी पिणार. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही, ढकलायची. सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा.

मोठ्ठा सायलेन्सर. सोसायटीतली बाळं उठतात आणि नाक्यावर हवालदार थांबवतो, मला दोघांचीही बाजू पटते.

टायरला नक्षी आहे म्हणून चांगला समजणं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३११४ म्हणजे २०१४ सालचा ३१ वा आठवडा. अशा जुन्या टायरवर पावसात पारसिकचा उतार उतरणाऱ्यांना माझा कोपऱ्यापासून नमस्कार.

पासिंगचा खर्च न धरणं. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रीपासिंग आणि वर ग्रीन टॅक्स. एप्रिल २०२२ ला नुसती फीच ६०० वरून ५,००० झाली, आता २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. माझं २०२७ ला आहे, आत्तापासून बायकोपासून लपवून बाजूला टाकतोय.

आणि पेट्रोलच्या होज. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं, २००२ ची रबरं काही त्यासाठी बनलेली नव्हती. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या लवचिक होज इंजेक्शनच्या प्रेशरला आणि इथेनॉलला चालणाऱ्या टाका, कापून आणलेला साधा पाइप नको. मी महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी गार इंजिनवर बॉनेट उघडून प्रत्येक जोडाजवळ नाक नेतो आणि होज बोटाने दाबून बघतो. चिकट लागली किंवा फुगलेली वाटली की बदलायची. वास आला तर त्या दिवशी रिक्षाने जायचं.