सायनसची गोळी मागण्याआधी

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं मेडिकल आहे. तुरीच्या राशी सुरू झाल्या की रोज कुणी ना कुणी नाक धरून येतंच. "भाऊ, सायनस झालंय, ती तीन गोळ्याची पट्टी द्या." मी विचारतो, शिंका कधी लागल्या? तारीख कुणालाच आठवत नाही. "मागच्या बाजाराला" म्हणतात. मग बोटावर मोजून ती तारीख पाकिटावर पेनानं लिहितो, अन् पाकिटात पॅरासिटामॉल टाकतो.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतं असं नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो तसा होतो. चिठ्ठीसाठी डॉक्टरकडं जायचं ते दहा दिवस होऊनही उतार नसेल तर. किंवा १०२ ताप, नाकातून पू अन् गाल-कपाळ ठणकणं सलग तीन-चार दिवस चाललं तर. किंवा पाच-सहा दिवसांत बरं वाटून पुन्हा उलटलं तर. हे शेवटचं लोक हमखास सांगायचं विसरतात.

तोवर उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ टाकून नाक धुवा. हापशाचं कच्चं पाणी नको. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर नाही, पुढं त्यांच्यामुळंच नाक चोंदतं. आमचे एक मास्तर वर्षभर बाटली खिशात घेऊन हिंडले!

डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलीन किंवा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाली ६२५ मिलीग्रॅमची गोळी लिहितात, मोठ्या माणसाला ५ ते ७ दिवस. जेवणाच्या सुरुवातीला घ्या, ढाळ कमी लागतात. ही पेनिसिलीनच्याच घरातली औषधं, तेव्हा पेनिसिलीननं कधी अंगावर गांधी उठली असेल तर आधीच सांगा. मग मोठ्यांना डॉक्सिसायक्लीन देता येतं, गरोदर बाईला मात्र नाही.

तीन गोळ्यांची ती ॲझिथ्रोमायसिन इथं नको. सायनसमधला न्यूमोकॉकस नावाचा जंतू तिला बऱ्याचदा दाद देत नाही. मीही एकदा चौथ्याच दिवशी गिळली होती. दुकान माझं, पट्टी हाताशी. पोट बिघडलं, सर्दी तिच्या वेळेनंच गेली.

औषध सुरू करून तीन दिवसांत त्रास वाढला तर परत दाखवा. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं, यात रात्र काढू नका. अन् शुगरवाल्याच्या नाकात काळी खपली दिसली तर माझ्याकडं येऊच नका. २०२१ ला काळ्या बुरशीनं काय केलं ते पाहिलंय. सरळ संभाजीनगरचा घाटी नाहीतर अंबाजोगाईचा स्वाराती हा सरकारी दवाखाना गाठा.