घरी बीपी मोजताना: आधी आकडा, मग श्वास

मशीन घ्यायला जाण्याआधी दंडाचा घेर मोजा. शिंप्याची टेप खांदा आणि कोपर यांच्या मधोमध लावायची. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड ३५ चा असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण जाड दंडावर लहान पट्टा आवळला की आकडा खोटाच वाढतो. मनगटाची मशीन सुटसुटीत दिसते, पण हात जरा खाली-वर झाला की चुकते. दंडाचीच घ्या.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्ता आणि बीपीची गोळी यांच्या आधी मोजायचं, संध्याकाळी जेवणाआधी. दादरचा पूल चढून, गर्दीतून लोकलने घरी आलात की लगेच पट्टा बांधू नका, अर्धा तास जाऊ द्या. चहा, सिगारेट, तंबाखू आणि मशेरीलाही हाच अर्धा तास लागू. मशेरी तंबाखूचीच असते, हे घरोघरी विसरलं जातं.

खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. पलंगाच्या कडेवर बसलात तर पाठीला आधार राहत नाही आणि आकडा वर जातो. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, आत एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंडाला फास लावते, म्हणून सैल कपडा घाला. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. मोबाइल नाही, टीव्ही नाही. मशीन चालू असताना शेजारून कोणी ‘किती आलं?’ विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. बोलण्याने आकडा हमखास चढतो.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, नकोसा वाटणारासुद्धा. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’तही दाखवता येईल.

श्वासाचा सराव मोजून झाल्यावरच. आधी संथ श्वास घेऊन मग पट्टा बांधला तर आकडा छान येतो, पण तो त्या दहा मिनिटांचा असतो, तुमच्या दिवसाचा नव्हे. डॉक्टर त्यावर गोळी ठरवतील, म्हणजे गोळी कमी पडणार.

त्याच खुर्चीत बसून नाकाने मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. रोज दहा मिनिटं. एक हात पोटावर ठेवा. पोट हललं पाहिजे, खांदे नाहीत. मध्येच नळाला पाणी आलं का, पोरांची फी भरली का, हे मनात येणारच. आलं हे लक्षात घ्यायचं आणि पुन्हा श्वासावर यायचं. सराव तोच आहे. मन कोरं करण्याचा हट्ट धरला की उलट चिडचिड होते.

चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही हळू नव्हे, फार खोल श्वास घेताय. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुढच्या वेळी कमी हवा घ्या. श्वास रोखून धरू नका. बीपी वाढलेलं असताना जोरकस भस्त्रिका, कपालभातीही नको. लोकलमध्ये बसायला मिळालं तर शीव ते कुर्ला एवढ्यातही जमतं. दारात उभं राहून मात्र डोळे मिटायचे नाहीत.

रोज केलं तर काही आठवड्यांत वरचा आकडा थोडाफार उतरू शकतो. गोळी सुटेल इतका उतरेल असं धरून चालू नका. वहीतले आकडे चांगले दिसतात ते बहुधा गोळीमुळेच. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज आली तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

आणि गोळीवर पाणी फिरवणाऱ्या गोष्टी: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, घशासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध, आणि मीठ. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं धरून चहाचा एक सपाट चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण त्यातच आलं. सुके बोंबील भिजवून ते पाणी फेकून दिलं तर थोडा खारटपणा जातो, पण रोजचं खाणं तरी नकोच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय वापरू नका.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, १०८ लावा. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूला रक्त कमी पडतं.